खासगी जागेत परक्याची गाडी: महाराष्ट्रातल्या जागामालकांचे आणि सोसायट्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागा तुमची असते, पण तिच्यात उभी असलेली गाडी दुसऱ्याची असते. या विषयातले बहुतेक घोळ या वाक्याचा फक्त पहिला अर्धा भाग लक्षात ठेवल्यामुळे होतात. जागेवरचा हक्क तुम्हाला बरंच काही करू देतो, पण गाडीला हात लावायची परवानगी त्यात येत नाही. खालची उत्तरं याच हिशेबाने लिहिली आहेत. बंगला, मोकळा प्लॉट, दुकानापुढची जागा आणि हाउसिंग सोसायटी असे चारही प्रकार त्यात आहेत.

गाडी गेटच्या आत आहे की बाहेर, याने खरंच फरक पडतो का?

सगळा फरक तिथेच पडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधले पार्किंगचे आणि टोइंगचे नियम मुख्यतः ‘सार्वजनिक जागे’साठी आहेत. लोकांना जिथे जायचा हक्क आहे, तो रस्ता, गल्ली, वाट किंवा अशी कुठलीही जागा या व्याख्येत बसते. तुमच्या गेटबाहेरचा डांबरी रस्ता बसतो, गेटच्या आतली फरशी बसत नाही. म्हणून बाहेरच्या गाडीसाठी वाहतूक पोलिसांची टोइंग व्हॅन येते आणि आतल्या गाडीसाठी तेच हवालदार हात वर करतात. ते कामचुकारपणा करताहेत असं प्रत्येक वेळी समजू नका. त्यांच्या हातातलं कलम खरोखरच गेटपाशी थांबतं.

मधली एक घोळाची जागा उरते, ती म्हणजे कुंपण नसलेलं, कोणीही ये-जा करू शकतं असं पटांगण. तिथे ‘ही सार्वजनिक जागा आहे’ असा वाद घालायला समोरच्याला वाव मिळतो. कुंपण, साखळी किंवा निदान ठळक सीमारेषा असावी, ती एवढ्याचसाठी.

कॉलनीतला अंतर्गत रस्ता खासगी की सार्वजनिक?

ले-आउटमधला रस्ता महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे हस्तांतरित झाला असेल तर तो सार्वजनिक, मग कॉलनीने त्याच्या तोंडाशी कितीही मोठी कमान उभारलेली असो. हस्तांतर झालेलं नसेल तर मंजूर ले-आउटचा नकाशा आणि मालकीची कागदपत्रं बघावी लागतात. नगररचना किंवा बांधकाम विभागात लेखी अर्ज करून हे एकदा विचारून घ्या. उत्तर लेखी मिळालं की अर्धी भांडणं आपोआप मिटतात, कारण दोन्ही बाजू आजवर नुसत्या समजुतीवर भांडत असतात.

गाडी बाहेर रस्त्यावर आहे, पण नेमकी माझ्या गेटसमोर. माझी गाडी निघत नाही. काय करू?

हा सगळ्यात सोपा प्रकार आहे. कुणाच्या प्रवेशद्वारासमोर गाडी लावू नये हे वाहतूक नियमांत आहे. वाहतूक पोलिसांना किंवा ११२ वर फोन करा आणि पत्ता, गाडीचा नंबर, रंग व ‘गेट पूर्ण अडलं आहे’ हे सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तासांहून अधिक बेवारस उभी असलेली गाडी उचलायचा किंवा तिला जॅमर लावायचा आदेश गणवेशातला, त्या हद्दीचा पोलीस अधिकारी देऊ शकतो. टोइंगचा खर्च गाडीमालकाच्या माथी पडतो.

घरात पेशंट असेल आणि तातडीने दवाखाना गाठायचा असेल, तर फोनवर सगळ्यात आधी तेच सांगा. गाडीचा रंग नंतर सांगितला तरी चालेल.

मग घरासमोरचा रस्ता मी स्वतःच्या गाडीसाठी राखून ठेवू शकतो का?

नाही. कुंड्या, जुनी खुर्ची, दगड, पाण्याचे ड्रम, दोरीला बांधलेला लाल कपडा, सगळं बेकायदा. रस्त्यावर अडथळा निर्माण करणं हाच गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये त्यासाठी पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तुमच्या गेटमधून आत-बाहेर करायला वाट मोकळी मिळणं हा तुमचा हक्क. कंपाउंडच्या भिंतीलगतचा उरलेला रस्ता तुमचा नव्हे. तिथे कोणी नियम पाळून गाडी लावली असेल तर तुमचा राग कितीही खरा असला तरी तक्रार खरी ठरत नाही. हे पचायला जड जातं, खास करून तीस वर्षं त्याच जागी स्कूटर लावणाऱ्या काकांना.

गाडी गेटच्या आत आहे. पोलीस म्हणतात, ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ त्यांचं बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं आणि आपली वस्तू तिथे ठेवणं हा दिवाणी अपराध असतोच. त्यात तुमचं काही नुकसान झालं नसलं तरी तो होतो.

फौजदारी अतिक्रमणासाठी मात्र आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे हेतू. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३२९ प्रमाणे गुन्हा करायच्या किंवा ताबेदाराला धमकावायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या हेतूने दुसऱ्याच्या जागेत शिरणं म्हणजे फौजदारी अतिक्रमण. कायदेशीरपणे आत येऊन मग अशाच हेतूने तिथे बेकायदा थांबून राहणं, हेही त्यात येतं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून नोंदवू शकतात.

आता व्यवहारात बघा. पत्ता चुकून किंवा पाच मिनिटांसाठी आत घुसलेल्या माणसाचा हेतू तुम्ही सिद्ध करू शकणार नाही. पण तुम्ही त्याला लेखी कळवलंत की जागा खासगी आहे, गाडी लावू नका. तरीही तो दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी लावतो आणि वर ‘काय करायचं ते करा’ म्हणतो. आता हेतू दिसायला लागला. म्हणून पहिल्या दिवशीच्या त्या साध्या लेखी सूचनेला फार महत्त्व आहे. बहुतेक लोक तोंडी भांडतात आणि कागदावर काहीच ठेवत नाहीत, मग पोलीस ठाण्यात गेल्यावर हात रिकामे असतात.

पोलिसांनी निदान एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, घ्यावी असा आग्रह धरा आणि तिची प्रत मागून घ्या. एका एनसीने काही हलत नाही हे खरं. पण त्याच गाडीच्या, त्याच माणसाच्या ओळीने तीन-चार एनसी झाल्या की प्रकरणाला वजन येतं. शांतता भंग होण्याची चिन्हं असतील तर पोलीस प्रतिबंधक कारवाई करू शकतात. तिला बोलीभाषेत चॅप्टर केस म्हणतात. तिच्या नावाने भलेभले गाडी हलवतात.

हवा सोडली तर? जॅमर लावला तर? स्वतः क्रेन बोलावून उचलली तर?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या डोळ्यांत उत्तर आधीच ठरलेलं असतं. तरीही नाही.

हवा सोडणं, व्हॉल्व्ह काढणं, टायरला खिळा, बॉनेटवर किल्लीने रेघ, काचेवर न निघणारा गोंद: या सगळ्याला कायद्यात आगळीक म्हणतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ प्रमाणे साध्या आगळिकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नुकसान वाढेल तशी शिक्षा वाढते. आतापर्यंत तुम्ही तक्रारदार होतात. हवा सोडलीत की आरोपी होता. शिवाय हवा गेलेली गाडी जागेवरून हलत नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते काम आणखी लांबलं.

जॅमरचं थोडं वेगळं आहे. मोटार वाहन कायद्यातला कलम १२७ चा अधिकार पोलीस अधिकाऱ्याला आहे, आणि तोही सार्वजनिक जागेपुरता. खासगी जागामालकाने किंवा सोसायटीच्या वॉचमनने परक्याच्या गाडीला जॅमर लावावा असा अधिकार देणारं कलम मोटार वाहन कायद्यात नाही. तरीही अनेक सोसायट्या जॅमर वापरतात. जनरल बॉडीने ठराव करून, सगळ्या सदस्यांना कळवून आपल्याच सदस्यांच्या गाड्यांना लावला तर निभावून जातं, कारण सदस्य सोसायटीच्या नियमांना बांधलेला असतो. बाहेरचा माणूस तुमच्या ठरावाला बांधलेला नसतो. त्याच्या गाडीला जॅमर लावून ‘दोन हजार भर, मग काढतो’ म्हटलंत तर तो खंडणीची तक्रार घेऊन जाईल. ती टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न, पण पोलीस ठाण्याच्या बाकावर बसायचा मान सेक्रेटरींना मिळेल.

गेटला कुलूप लावून गाडी अडकवणं हाही असाच मोह आहे. कुलूप लावणं चूक नाही, गेट तुमचं आहे. पण मालक येऊन गाडी काढतो म्हणाला की गेट उघडा. तेव्हा अडवून धरलंत तर तो ११२ वर फोन करतो, आणि आल्यावर पोलीस पहिली गोष्ट तुम्हालाच सांगतात: गेट उघडा. त्याची स्वतःचीच वाट अडवलीत, तर ते न्याय संहितेच्या कलम १२६ चं अन्यायाने अडवणं होतं, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे.

स्वसंरक्षणाचा हक्क मालमत्तेसाठीही असतो, असं सांगणारा एखादा हुशार शेजारी प्रत्येक मीटिंगमध्ये असतो. असतो हे खरं, पण सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर तो वापरता येत नाही. उभ्या गाडीच्या बाबतीत तो वेळ नेहमीच असतो.

हाताने ढकलून बाजूला करणं? स्कूटर अलगद दोन फूट सरकवली म्हणून कोणी कोर्टात जात नाही. पण हँडल लॉक असलेली मोटरसायकल चौघांनी उचलताना पडली, आरसा फुटला, टाकीला पोचा गेला, तर खर्च तुमचा.

मग आत्ता, या क्षणी, गाडी समोर उभी असताना नेमकं काय करायचं?

आधी फोटो. एकाच फोटोत गाडीची नंबर प्लेट आणि तुमच्या जागेची ओळख पटवणारं काहीतरी, म्हणजे गेटवरची पाटी, इमारतीचं नाव किंवा घर क्रमांक, दोन्ही यायला हवं. नुसत्या नंबर प्लेटच्या फोटोवरून गाडी कुठे होती हे कळत नाही. पायाखाली पार्किंगची पिवळी रेघ असेल तर तीही येऊ द्या.

मग आजूबाजूला विचारा. दहातल्या बऱ्याच वेळा गाडी शेजारच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांची, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या पेशंटची किंवा इंटरनेट दुरुस्त करायला आलेल्या मुलाची निघते. डॅशबोर्डकडे एकदा नजर टाका, हल्ली बरेच जण तिथे मोबाइल नंबर लिहून ठेवतात.

कोणी सापडलं नाही तर वायपरखाली चिठ्ठी ठेवा. काचेला चिकटवू नका. चिठ्ठी साधारण अशी असावी:

‘नमस्कार. ही जागा खासगी आहे आणि इथे गाडी लावायची परवानगी आपल्याला दिलेली नाही. आपल्या गाडीमुळे आमची गाडी अडली आहे. कृपया ताबडतोब काढावी आणि पुन्हा इथे लावू नये. आजचा फोटो काढून ठेवला आहे. दिनांक, वेळ, इमारतीचं नाव, संपर्क क्रमांक.’

शिवी नको, धमकी नको, ‘पुढच्या वेळी बघून घेऊ’ तर नकोच. ही चिठ्ठी उद्या पोलीस वाचतील, परवा कदाचित न्यायाधीश. ती ठेवल्यावर तिच्यासकट गाडीचा आणखी एक फोटो काढा. लेखी सूचना दिल्याचा हाच पहिला पुरावा. अर्ध्या-पाऊण तासात कोणी आलं नाही, किंवा तुमची गाडी अडलेली असेल, तर ११२.

गाडीमालकाचं नाव-पत्ता मला कसा मिळेल?

एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडीचा प्रकार, नोंदणीचं आरटीओ वगैरे दिसतं, पण मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं आणि फोन नंबर मिळत नाही. पूर्ण माहिती पोलीस काढू शकतात. म्हणून तक्रारीत गाडीचा नंबर अचूक हवा. ‘कोणाच्या तरी ओळखीने’ आरटीओतून पत्ता काढून थेट त्याच्या घरी जाणारे लोक असतात. त्यात वाद मिटण्यापेक्षा पेटायची शक्यता जास्त.

तसंच, गाडीचा फोटो मालकाच्या नावासकट आणि चार विशेषणं लावून व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका. ‘ही गाडी कोणाची आहे?’ एवढंच विचारा. विशेषणांवरून बदनामीची नोटीस येऊ शकते.

सोसायटीच्या आवारात रोज बाहेरच्या गाड्या येतात. कमिटीने काय करावं?

बाहेरची गाडी आत आलीच कशी, याचं उत्तर बहुतेक वेळा गेटवर असतं. स्टिकर, नोंदवही आणि ‘कोणाकडे आलात’ हा एक प्रश्न, एवढ्यावर बाहेरच्यांचा मोठा भाग गळतो. बूम बॅरियर बसवायचा की नाही हे सोसायटीच्या आकारावर ठरवा. वीस फ्लॅटच्या इमारतीला साखळी आणि जागा राहणारा वॉचमन पुरतो.

वॉचमनला अधिकार देताना भाषा नीट द्या. ‘कोणालाही आत सोडू नको’ हा हुकूम तो आठवडाभर पाळतो, मग एखादा मोठ्या गाडीवाला ‘ओळखतोस का मला’ म्हणाला की गेट उघडतं. ‘फ्लॅट नंबर सांगितल्याशिवाय आणि इंटरकॉमवर खात्री झाल्याशिवाय आत नाही, पोलीस, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन सोडून’ असं लिहून गेटवर लावलं की त्याला बोट दाखवायला कागद मिळतो. नाहीतर भांडण त्याच्या अंगावर आणि पगार तोच.

पाहुण्यांच्या पार्किंगचा नियमही स्पष्ट हवा: कुठे, किती वेळ, रात्री मुक्कामाला गाडी राहणार असेल तर कोणाला सांगायचं. पाहुण्याची गाडी ज्याच्याकडे आली त्या सदस्याला जबाबदार धरलं की कमिटीला परक्याच्या मागे धावावं लागत नाही.

अग्निशमनाची वाट हा वेगळा विषय नाही, सगळ्यात वरचा विषय आहे. बंबाच्या वाटेत लावलेली गाडी सदस्याची असो वा पाहुण्याची, तिला ‘पाच मिनिटं’ देखील देऊ नका.

बाहेरचा कोणी नाही, आमचाच सदस्य माझ्या जागेत गाडी लावतो. मग?

आधी पाहा, ती जागा तुमची आहे म्हणजे कशी आहे. सोसायटीने वाटप केलेली असेल तर वाटपाचं पत्र काढा. करारनाम्यात असेल तर करारनामा. ‘पहिल्यापासून मीच लावतो’ हा पुरावा नव्हे.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, पार्किंगचं धोरण जनरल बॉडी ठरवते आणि वाटप कमिटी करते. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर वर्षासाठी सोडत काढायची तरतूद आहे. वाटप झालेली जागा सदस्याने परस्पर विकायची किंवा बाहेरच्याला द्यायची नसते. तेव्हा आधी कमिटीला लेखी तक्रार द्या, तारीख टाकून पोच घ्या. कमिटीने त्या सदस्याला नोटीस द्यावी, म्हणणं ऐकून घ्यावं आणि उपविधीभंगाचा दंड जनरल बॉडीसमोर ठेवावा. दंड भरला नाही तर थकबाकीसारखी वसुली होते. पाणी तोडणं किंवा लिफ्ट बंद करणं मात्र करू नका. पार्किंगचा प्रश्न मग बाजूला राहतो आणि सोसायटी स्वतःच्याच बचावाला लागते.

एवढ्याने सुटलं नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालय आहे. सदस्य आणि सोसायटी यांच्यातले असे वाद तिथे जातात. बाहेरच्या माणसाविरुद्ध हा रस्ता चालत नाही, त्याच्यासाठी दिवाणी न्यायालय.

बिल्डरने मला पैसे घेऊन पार्किंग ‘विकलं’ आहे, सोसायटी म्हणते ते सामायिक आहे. कोण बरोबर?

पार्किंग उघडं आहे की झाकलेलं, आणि व्यवहार कधीचा, यावर उत्तर ठरतं. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या खटल्यात निकाल दिला की मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकी कायद्याखाली, बिल्डरला स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) आणि उघडी पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, ती सामायिक सोयींचा भाग आहे. रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय कायद्यातही, उघडी पार्किंगची जागा सामायिक क्षेत्रातच मोजली आहे. झाकलेलं पार्किंग किंवा गॅरेज रेराखाली विकता येतं, पण ते करारात नीट लिहिलेलं हवं. महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये याच्यासाठीच करारासोबत पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि जागा नोंदवायला सांगितलं. खांबामुळे गाडीचं दार उघडत नाही अशी ‘पार्किंग’ पदरी पडलेल्यांना या मापांची किंमत कळेल.

इमारतीखाली दुकानं आहेत. गिऱ्हाइकं सोसायटीच्या जागेत गाड्या लावतात.

याला पोलीस, कोर्ट वगैरे जवळपास निरुपयोगी आहे. गिऱ्हाईक दर तासाला बदलतं, नोटीस देणार कोणाला? जो बदलत नाही त्याच्याशी बोला, म्हणजे दुकानदाराशी.

दुकानदार सोसायटीचा सदस्य असेल तर पार्किंगचं धोरण त्यालाही लागू आहे, आणि धोरणात त्याचा वाटाही आहे, हे रहिवासी सदस्य सोयीने विसरतात. दुकानापुढची मोकळी जागा मंजूर नकाशात काय म्हणून दाखवली आहे ते आधी बघा. ती पार्किंग म्हणून दाखवलेली असेल तर ‘गिऱ्हाइकांनी मुळीच यायचं नाही’ हा हट्ट टिकत नाही. मोकळी सोडायची जागा म्हणून असेल तर दुकानदाराचा हट्टही टिकत नाही. दिवसा पुढच्या चार जागा गिऱ्हाइकांना आणि रात्री नऊनंतर रहिवाशांना, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी चालते. ठराव करा, रेघा मारा, दुकानदाराची सही घ्या. भाड्याचं दुकान असेल तर मूळ मालकाचीही.

कित्येक महिने धूळ खात पडलेली गाडी आहे. टायर बसलेत, मालक माहीत नाही. भंगारात दिली तर?

मुळीच नको. बेवारस दिसते म्हणून ती तुमची होत नाही, आणि विकलीत तर चोरीचा किंवा अपहाराचा आरोप ओढवून घ्याल. नंबर प्लेट आणि दिसत असेल तर चासी नंबर टिपून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. गाडी चोरीची किंवा गुन्ह्यात वापरलेली असण्याची शक्यता असते, म्हणून अशा अर्जाकडे पोलीस सहसा लक्ष देतात. चोरीचा संशय असलेली वस्तू जप्त करायचा अधिकार त्यांना आहे. अर्जाची पोच जपून ठेवा. उद्या त्या गाडीचा काही मागमूस निघाला तर तुम्ही आधीच कळवलं होतं हे दाखवता येईल.

सोसायटीत अशा गाड्या बहुधा फ्लॅट विकून गेलेल्या किंवा परदेशी असलेल्या सदस्याच्या निघतात. जुनी नोंदवही चाळा, मग नोंदणीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा.

माझा मोकळा प्लॉट आहे. शेजारी तिथे टेम्पो, ट्रॅक्टर लावतात. वर्षानुवर्षं लावत राहिले तर त्यांचा हक्क होतो का?

नुसती गाडी लावून जमीन कोणाची होत नाही. प्रतिकूल ताब्यासाठी, म्हणजे ताब्याच्या जोरावर मालकी मागायला, बारा वर्षं सलग, उघडपणे आणि मालकाचा हक्क नाकारून ताबा असावा लागतो. रात्री येऊन सकाळी जाणारा टेम्पो हा असा ताबा नव्हे. वहिवाटीचा हक्क, म्हणजे मुख्यतः जाण्या-येण्याचा, वीस वर्षांच्या अखंड वापरानंतर मागता येतो. गाडी लावणाऱ्यापेक्षा प्लॉटमधून रोज आरपार जाणाऱ्याकडे जास्त लक्ष ठेवा. पण टेम्पोवर ताडपत्रीची शेड आली, शेडखाली काँक्रीट आलं आणि काँक्रीटवर विजेचं मीटर आलं, की प्रकरण पार्किंगचं राहत नाही.

उपाय दोन. पहिला: मोजणी करून घ्या, खुणांवर खांब रोवा, काटेरी तार तरी ओढा आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाची ताजी प्रत हाताशी ठेवा. दुसरा बऱ्याच जणांना उलटा वाटतो: शेजारी चांगला असेल आणि तुम्हाला जागा लागत नसेल, तर लेखी परवानगी द्या. ‘मालकाच्या परवानगीने, तात्पुरती, कधीही रद्द करता येईल अशी’ एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी त्यातून हक्क उगवत नाही. उलट तो माणूस तुमची मालकी लेखी मान्य करून बसतो. शिवाय रिकाम्या प्लॉटवर एक ओळखीचा डोळा राहतो.

कोर्टात जाणं परवडतं का?

एकदा-दोनदा झालेल्या प्रकाराला नाही. रोजच्या दादागिरीला हो. दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा लावता येतो आणि दावा चालू असेपर्यंत तात्पुरता मनाई हुकूमही मागता येतो. दावा अनेक वर्षं रेंगाळू शकतो, पण तात्पुरता हुकूम लवकर मिळाला तर तुमचं काम तिथेच झालं. हुकूम मोडून गाडी लावणारा आता तुमच्याशी नाही, कोर्टाशी भांडत असतो. त्याआधी वकिलाची नोटीस पाठवा. पुष्कळ प्रकरणं लेटरहेड बघूनच थांबतात.

मोबाइलमधले फोटो आणि सीसीटीव्हीचं फुटेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. वकील ते तयार करतील. तुमचं काम एवढंच की फुटेज आपोआप पुसलं जायच्या आत उतरवून घ्या. बऱ्याच डीव्हीआरमध्ये, म्हणजे सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये, जुनं चित्रण काही दिवसांत नव्याखाली जातं, आणि लोकांना नेमकी तेव्हाच जाग येते.

गाडीवर ‘पोलीस’, ‘प्रेस’ किंवा पक्षाचं चिन्ह आहे. काही वेगळं करायचं का?

नाही. तोच फोटो, तीच चिठ्ठी, तीच तक्रार. फक्त फोटोत ते स्टिकरही येऊ द्या.

पाटी लावून उपयोग होतो का? काय लिहावं?

होतो, लिहिणं नीट असेल तर. ‘खासगी जागा. परवानगीशिवाय गाडी लावू नये. कायदेशीर कारवाई केली जाईल.’ पुरे झालं. वर मालकाचं किंवा सोसायटीचं नाव असावं, आणि पाटी आत शिरणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर, रात्रीही दिसेल अशी. ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव त्या पाटीने जातो, हेतू दाखवायला ती मदत करते.

‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ ही पाटी गावोगाव दिसते. ज्या दिवशी खरंच कोणीतरी, मग तुम्ही नसलात तरी, त्या गाडीची हवा सोडेल, त्या दिवशी पोलीस पहिला फोटो या पाटीचाच काढतील. आजच उतरवा आणि रंगाऱ्याला वरच्या तीन वाक्यांची चिठ्ठी द्या.